बोट मधल्या सांध्यात फसतं, बिघाड मात्र तळहातात असतो

प्रश्न: माझं वय ५३. नागपूरला सक्करदऱ्याला राहते. घरून डबे देते, ऑर्डर असली की लांब रोट्याही करते. पाच-सहा महिन्यांपासून उजव्या हाताची अनामिका सकाळी मिटलेलीच असते. डाव्या हाताने सरळ केली की खटकन उघडते आणि डोळ्यांत पाणी येतं. आता अंगठाही फसायला लागला आहे. शुगर नऊ वर्षांपासून आहे. एका दवाखान्यात तळहातात इंजेक्शन दिलं. दोन महिने बरं वाटलं, मग पुन्हा तेच. त्या आठवड्यात शुगर तीनशेच्या वर गेली, पण तसं होईल हे कोणी सांगितलं नव्हतं. कोणी म्हणतं रबरी चेंडू दाबा, कोणी म्हणतं शीर चढली आहे, मालिश करून घ्या. ऑपरेशनने हात कायमचा कमजोर होतो, असंही ऐकलं. काय करू?

उत्तर: ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि माझं बहुतेक काम हातांचंच आहे. तुम्ही लिहिलं आहे त्यावरून ही ट्रिगर फिंगर, म्हणजे मिटताना अडकणारं आणि खटक्याने उघडणारं बोट, दिसते. हात बघितल्याशिवाय ठाम सांगता येत नाही, पण एक तपासणी तुम्ही घरी बसून करू शकता. डाव्या हाताच्या बोटाचं टोक उजव्या तळहातावर ठेवा. अनामिकेच्या खाली तळहातावर जी वरची आडवी रेघ आहे, तिच्यावर जरा दाबून ठेवा. आता अनामिका सावकाश मिटा आणि उघडा. बोटाखालून छोटी, दुखरी गाठ सरकताना जाणवली आणि खटका नेमका तिथेच लागला, तर निदान जवळजवळ झालंच. अंगठ्याची गाठ त्याच्या मुळाशी, जिथे अंगठा तळहाताला मिळतो त्या वळीत लागते.

ही तपासणी सांगायचं कारण असं, की दुखणं बोटाच्या मधल्या सांध्यात जाणवतं आणि त्यामुळे तेल, बाम, शेक सगळं तिथेच होतं. सांधा बहुधा ठीक असतो. बोट मिटवणारे स्नायू कोपराच्या खाली, हाताच्या दांड्यात असतात. त्यांच्या लांब कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटातून तळहातात येतात आणि पुढे प्रत्येक बोटात एका बारीक बोगद्यातून जातात. बोगद्यावर ठिकठिकाणी मजबूत कड्या असतात, म्हणून मूठ वळताना कंडरा हाडाला चिकटून राहते. पहिली कडी तळहातात, बोटाच्या मुळाशी. जोराने धरताना सगळ्यात जास्त ताण तिच्यावर येतो. तो वर्षानुवर्षं येत राहिला की कडी जाड होते, आतली जागा कमी होते आणि तिच्या तोंडाशी कंडरेवर गाठ धरते. नाडीला गाठ पडली की ती नेफ्याच्या तोंडाशी अडते, तसंच इथे होतं. मिटवणारे स्नायू ताकदवान असल्यामुळे गाठ आत ओढली जाते. उघडणारे स्नायू तेवढे जोरकस नसतात, म्हणून परत येताना ती अडकते. नोटा नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८५० मध्ये या गाठीचं वर्णन केलं होतं.

सकाळी जास्त का, हे बहुतेक जणी विचारतात. रात्रभर हात हलत नाही, थोडी सूज साठते आणि झोपेत मूठ वळलेली असते. तास-दोन तासांच्या हालचालीने सूज उतरते आणि बोट जरा मोकळं होतं. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत तर सकाळी ओट्याशी उभं राहणंच नको वाटतं. पण थंडीने आजार होत नाही, असलेला ताठरपणा तेवढा जास्त जाणवतो.

तुमच्या बाबतीत मोठं कारण शुगर आहे. ट्रिगर फिंगर सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन-तीन जणांना होते, मधुमेहींमध्ये हे प्रमाण दहापर्यंत जातं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की कंडरा, कड्या, सांध्याभोवतीचं आवरण यांतले तंतू एकमेकांना चिकटून कडक होतात. म्हणूनच एकामागून एक बोटं धरतात, आणि इंजेक्शनचा गुण कमी टिकतो. नमस्कार करून बघा. दोन्ही तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकतात का? बोटांच्या मध्ये फट राहत असेल, तर नुसती कडी नाही, सांधेही शुगरने आखडायला लागले आहेत. तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तो ताठरपणा ऑपरेशनने जात नाही, त्याला व्यायामच लागतो. थायरॉइडची तपासणी बरेच दिवसांत केली नसेल तर तीही करून घ्या. थायरॉइड कमी असलेल्यांतही बोटं फसतात. (हे वाचणाऱ्या एखादीला स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोलसारखी गोळी चालू असेल, तर तिच्यामुळेही असं होऊ शकतं. गोळी मनाने बंद करायची नाही, कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलायचं.)

आता चेंडूचं. तो आजच बाजूला ठेवा. आखडलेल्या हाताला चेंडू दाबायला सांगण्याची आपल्याकडे फार सवय आहे. पक्षाघातानंतर, प्लास्टर काढल्यावर, सगळीकडे चेंडू. ट्रिगर फिंगरमध्ये मात्र आवळून मूठ वळणं हेच तर दुखण्याचं मूळ आहे, आणि चेंडू दाबला की गाठ त्याच अरुंद कडीतून जोर लावून वर-खाली घासली जाते. मालिशवाल्यांकडे 'शीर बसवायला' जाणंही नको. अंगठ्याने गाठ रगडून ती विरत नाही, सूज तेवढी वाढते. आणि सकाळी बोट झटक्याने उघडायचं नाही. कोमट पाण्यात हात पाच मिनिटं ठेवा, आतच बोटं हळूहळू हलवा, मग डाव्या हाताने आधार देऊन सावकाश सरळ करा. पाणी किती गरम आहे हे आधी कोपराने बघा. बऱ्याच वर्षांच्या शुगरमध्ये बोटांची जाणीव कमी झालेली असते आणि शेकताना भाजून घेतलेल्या बायका आमच्याकडे दर हिवाळ्यात येतात.

चेंडूऐवजी हा व्यायाम करा. तळहाताजवळचे सांधे सरळ ठेवून फक्त पुढचे दोन सांधे वाकवा, म्हणजे बोटांचा आकडा होईल. मग पूर्ण सरळ करा. यात कंडरा सरकत राहते, पण पहिल्या कडीवर ताण कमी पडतो. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहाएक. खटका लागला की तिथेच थांबायचं, त्याच्या पलीकडे जायचं नाही. मधला सांधा दुसऱ्या हाताने हळूच सरळ करून थोडा वेळ तसाच धरून ठेवणंही महत्त्वाचं आहे. महिनोन्महिने वाकडा राहिलेला सांधा पुढे त्याच अवस्थेत आखडतो, मग कडी मोकळी केली तरी बोट पुरतं सरळ होत नाही.

स्प्लिंटबद्दल, म्हणजे सांधा एका जागी धरून ठेवणाऱ्या आधाराबद्दल, तुम्हाला कोणी काही सांगितलेलं दिसत नाही, आणि हे नेहमीचंच आहे. बाजारात मिळते ती बोटभर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी सगळं बोट जखडून टाकते. तिने काम होत नाही आणि चार दिवसांत ती कपाटात जाते. आम्ही बनवतो ती वेगळी. प्लास्टिकचा पातळ पत्रा गरम पाण्यात टाकला की पापडाच्या पिठासारखा मऊ होतो. तळहाताच्या मापाने कापून तो हातावर ठेवतो, बोटाच्या मुळाशी त्याची अंगठीसारखी कडा येते, आणि एक-दोन मिनिटांत तो त्याच आकारात घट्ट होतो. त्यात फक्त तळहाताजवळचा सांधा जवळजवळ सरळ अडकतो. पुढचे दोन सांधे मोकळे राहतात, म्हणून पेन धरता येतं, कुकरचं झाकण लावता येतं, भाजी निवडता येते. कडा टोचते तिथे पुन्हा गरम करून वळवून घ्यायची, हे सांगायला लाजू नका, टोचणारी स्प्लिंट कोणी घालत नाही. निदान सहा आठवडे, शक्य तेवढा वेळ आणि रात्री नक्की घालायची. दुखणं नवं, बोट अधूनमधून अडकणारं असेल तर एवढ्यानेही बऱ्याच जणींचं भागतं. तुमच्या अनामिकेला सहा महिने होत आले आणि ती दुसऱ्या हाताने उघडावी लागते, म्हणून नुसत्या स्प्लिंटवर मी तिची फार आशा धरणार नाही. अंगठा नवा आहे, त्याच्यासाठी नक्की करून घ्या.

डबे बंद करा असं मी म्हणणार नाही, ते म्हणून कोणी ऐकत नाही. पण हाताला कुठे मार बसतो ते बघा. लांब रोटीची कणीक सैल असते, ती परातीत आपटून आपटून तार येईपर्यंत मळावी लागते आणि मग दोन्ही हातांवर झुलवत पसरवून उलट्या मडक्यावर टाकायची. झुलवताना बोटं उघडी असतात, त्याने फारसं बिघडत नाही. त्रास होतो तो मळताना, कणीक मुठीत आवळून उचलताना. ते काम दोन-तीन महिने दुसऱ्या कोणाला द्या किंवा कणीक मळायचं मशीन घ्या. रोजच्या पोळ्यांची कणीक बोटांनी चिवडू नका, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबा. सांडशी आवळून गरम गंज उचलण्यापेक्षा दोन्ही हातांनी जाड कापडाने धरा. बादलीच्या आणि डब्यांच्या पिशवीच्या बारीक कडीला कापड गुंडाळून जाड करा, कारण ती बारीक कडी नेमकी त्याच रेघेवर रुतते. कपडे पिळू नका, निथळू द्या. आणि रात्री मोबाइल अनामिका-करंगळीवर तोलून तासभर बघत असाल तर तेही बंद.

इंजेक्शनकडे येते. तुम्हाला दिलं ते बहुधा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, बधिर करायच्या औषधात मिसळून. उपचार चुकीचा नव्हता, तो पहिला उपचार म्हणून जगभर मान्य आहे. शुगर नसलेल्यांत निम्म्याहून जास्त जणांचं एका इंजेक्शनवर भागतं, मधुमेहींमध्ये ते प्रमाण बरंच खाली येतं. शुगर वाढणार हे आधी सांगायला हवं होतं, यात शंका नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ती चढायला लागते आणि साधारण पाच दिवस ते आठवडाभरात खाली येते. दुसरं इंजेक्शन घ्यायचं ठरलं तर ते दिवस शुगर घरच्या मशीनवर सकाळ-संध्याकाळ बघा, इन्सुलिन किंवा गोळ्यांचा डोस तेवढ्यापुरता बदलायचा का हे शुगरच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आणि दोन बोटांना एकाच दिवशी टोचून घेण्याची घाई करू नका. गुण यायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात, चौथ्या दिवशी निराश व्हायचं नाही. टोचलेल्या जागी कातडी पांढुरकी, पातळ होऊ शकते. एकाच बोटाला दोन, फार तर तीन. त्यापुढे कोणी टोचायला तयार असेल तरी तुम्ही नाही म्हणा. वारंवार स्टेरॉइडने कंडरा कमजोर होते, क्वचित तुटतेही.

माझं मत विचाराल तर अंगठ्याला स्प्लिंट आणि लागलंच तर एक इंजेक्शन, आणि अनामिकेच्या ऑपरेशनचा विचार आता करा. दुसरं इंजेक्शन घेणं गैर नाही, पण एकाने दोनच महिने भागलं, शुगर आहे, बोट हाताने उघडावं लागतं, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दुसऱ्याचा गुण टिकेल याची शक्यता कमी.

ऑपरेशनने हात कमजोर होतो ही भीती कुठून येते तेही सांगते. पुढची, म्हणजे दुसरी कडी चुकून कापली गेली, तर कंडरा हाडापासून सुटते, मूठ वळताना कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखी वर येते आणि पकड खरंच कमी होते. पहिली कडी मात्र मोकळी केली तरी दुसरी काम सांभाळते. म्हणून हे काम रोज हाताची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनकडेच करावं, ते ऑर्थोपेडिक असोत की प्लास्टिक सर्जन. दीडेक सेंटिमीटरचा छेद, तेवढाच भाग बधिर, कडी उभी कापून मोकळी केली जाते, काढून टाकत नाहीत. बऱ्याच ठिकाणी आता लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात ॲड्रेनॅलिन मिसळून देतात. त्याने रक्त कमी येतं, दंडाला पट्टा आवळावा लागत नाही आणि रुग्ण पूर्ण जागा असतो. कडी सुटली की सर्जन सांगतात, 'काकू, बोट मिटा, आता उघडा.' खटका गेला की नाही ते तिथेच कळतं, आणि कुठे अजून अडत असेल तर टाके घालायच्या आधी बघता येतं. भरती व्हावं लागत नाही. शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांचा खटका कायमचा जातो.

खरी कसोटी नंतर असते. पट्टी बांधली म्हणून हात गळ्यात लटकवून बसायचं नाही. त्याच संध्याकाळी बोटं पूर्ण मिटा-उघडायला सुरुवात करायची, दुखलं तरी. हात पहिले दोन-तीन दिवस छातीच्या वर ठेवायचा. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोपर्यंत पाणी आणि कणीक दोन्ही वर्ज्य. हलकी कामं लगेच करता येतात, परातीत कणीक आपटायला तीन-चार आठवडे थांबावं लागेल. जखमेची जागा दाबल्यावर दोन-तीन महिने दुखते, व्रण तेलाने हळूहळू चोळून मऊ करायचा. हो, इथे मालिश चालते. मधुमेहींत जखम पिकण्याची आणि बोट आखडण्याची शक्यता जास्त, म्हणून एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) आठच्या खाली आणूनच तारीख घ्या. इंजेक्शनला दोन-तीन महिने होऊन गेलेले असावेत, हेही बघा.

सुईने कडी मोकळी करायची पद्धतही आहे, छेद न घेता. अनामिकेसाठी सरावलेल्या हातात ती चांगली आहे. अंगठ्यात मात्र बोटाची नस कडीवरून तिरकी, कातडीच्या अगदी जवळून जाते, म्हणून अंगठ्यासाठी छेद घेऊन, नस डोळ्यांनी बघून केलेलं बरं.

काही लक्षणं असतील तर हे सगळं बाजूला ठेवावं लागेल. दोन्ही हातांचे बरेच सांधे सुजलेले, गरम, आणि सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त राहत असेल तर आधी संधिवाताच्या तपासण्या. संधिवातात कडी कापण्याचा निर्णय वेगळ्या पद्धतीने घेतात, कंडरेभोवतीचं सुजलेलं आवरण काढतात. नागपुरात चिकुनगुनियाच्या साथीनंतर महिनोन्महिने बोटं आखडलेल्या लोकांना ट्रिगर फिंगर समजून इकडे-तिकडे पाठवलं जातं. त्यांत बहुधा खटका नसतो, ताठरपणा बऱ्याच सांध्यांत असतो. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन झोप मोडत असेल तर मनगटातली नस दबली आहे. शुगरमध्ये हे आणि ट्रिगर फिंगर जोडीने येतात, आणि ऑपरेशन करायचंच असेल तर दोन्ही एका बैठकीत होऊ शकतात. आणि बोटात काटा किंवा सुई टोचल्यावर एक-दोन दिवसांत सगळं बोट सुजून किंचित वाकडं राहिलं, जरा सरळ केलं तरी जीव जातो असं झालं, तर तो कंडरेच्या बोगद्यातला पू आहे. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची पेटी भरताना टोचलेला काटा असो की स्वयंपाकघरातला माशाचा. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं, उद्यावर ढकललं तर बोट जाऊ शकतं.

नागपुरात सोय भरपूर आहे. मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, अस्थिरोग विभाग आहे आणि ऑक्युपेशनल थेरपीचं कॉलेज त्याच आवारात, म्हणजे डॉक्टर आणि स्प्लिंट दोन्ही एका फेरीत. मेयो (इंदिरा गांधी शासकीय रुग्णालय) किंवा मिहानचं एम्स जवळ पडत असेल तर तिथे अस्थिरोगाच्या ओपीडीत दाखवा. खासगीत जायचं तर हाताची ऑपरेशनं नियमित करतात का, हे सरळ विचारा. चांगले सर्जन या प्रश्नाने रागावत नाहीत.

जाताना तीन महिन्यांतला एचबीए१सीचा रिपोर्ट, शुगरची वही, आणि आधीच्या इंजेक्शनची चिठ्ठी सोबत घ्या. चिठ्ठीवर औषधाचं नाव, तारीख आणि कोणत्या बोटाला दिलं ते नसेल, तर त्या दवाखान्यातून आधी लिहून आणा, कारण पुढचं इंजेक्शन द्यायचं की नाही आणि ऑपरेशनची तारीख कधीची, दोन्ही त्यावर ठरेल. आणि शक्यतो सकाळची वेळ घ्या. दुपारी बोट मोकळं झालेलं असतं आणि डॉक्टरांसमोर ते हमखास शहाण्यासारखं वागतं. सकाळी ते मिटलेलं असताना मोबाइलवर उघडतानाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवलात तर उत्तमच.